खडी क्रशरवरचा ग्लेझ

ग्लेझ म्हणजे भाजल्यावर भांड्यावर बसणारा काचेचा थर. त्याची कृती कागदावर चार-पाच ओळींची असते. अमुक टक्के फेल्डस्पार, अमुक क्वार्ट्झ (गारगोटी), थोडं व्हायटिंग (खडूची भुकटी), थोडी चायना क्ले, बेरीज शंभर. रंग हवा असेल तर वरून लोह, तांबं किंवा कोबाल्टचं ऑक्साइड. पाण्यात कालवायचं, ८० नाहीतर १०० मेशच्या चाळणीतून गाळायचं, बिस्क झालेलं, म्हणजे एकदा कच्चं भाजलेलं, भांडं त्यात बुडवून काढायचं, बूड पुसायचं आणि भट्टीत ठेवायचं. वाचताना यात अवघड काही वाटत नाही. तरीही एकाच कृतीवरून दोन स्टुडिओंत केलेले ग्लेझ एकसारखे निघाले असं फारसं होत नाही. दोन स्टुडिओ कशाला, माझ्याच मांडणीवर गेल्या वर्षीचा पांढरा वाडगा आणि यंदाचा पांढरा वाडगा शेजारी ठेवले तर घरातलं लहान मूलही फरक सांगेल. जुना मऊ, किंचित पिवळट, हाताला रेशमी लागणारा. नवा झगझगीत, आणि त्यावर बारीक तड्यांचं जाळं.

माती तीच होती. भट्टी तीच, उष्णता कळावी म्हणून आत ठेवायचा सुळका, म्हणजे कोन, तोही तितकाच वाकलेला. बदलली होती ती फेल्डस्पारची गोणी. गोणीवरची छपाईसुद्धा तीच. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, माल सेम टू सेम आहे." त्याच्या परीने तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही वरून तेच सांगितलं गेलं असणार.

फेल्डस्पार म्हणजे एक खनिज नव्हे, अख्खं कुटुंब आहे. कुणात पोटॅशियम जास्त, कुणात सोडियम, कुणात कॅल्शियम. आणि खाणीतून निघतं ते बहुधा सरमिसळच. मे महिन्यात रस्त्यारस्त्यावर 'हापूस' म्हणून जे काय काय विकलं जातं, तसं 'पोटॅश फेल्डस्पार' या नावाखाली बरंच काही खपतं. सोडियम वाढलं की ग्लेझ लवकर वितळतो, जास्त चमकतो, पण गार होताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसतो आणि तडकतो. हे तडे शोभेच्या फुलदाणीवर चालतील. आमटीच्या वाडग्यावर मात्र महिनाभरात त्यांतून हळद झिरपते आणि वाडगा कायमचा मळका दिसू लागतो.

दुकानदारावर चिडून उपयोग नाही, कारण या साखळीत आम्ही स्टुडिओवाले अगदी शेपटाला आहोत. राजस्थानात फेल्डस्पार काढला जातो तो फरशा, वॉश बेसिन आणि काचेच्या कारखान्यांसाठी. गुजरातेतल्या मोरबीचा एकेक टाइल कारखाना जो माल ट्रकांनी रिचवतो, त्यातली पंचवीस-पन्नास किलोंची गोणी आमच्या वाट्याला येते. खाणीतला थर बदलला, तर कारखान्याची प्रयोगशाळा आपलं मिश्रण जुळवून घेते. आम्हाला ती बातमी भट्टी उघडल्यावर कळते.

अमेरिकेतल्या पॉटर मंडळींना हा अनुभव आमच्याहून मोठ्या प्रमाणावर आला. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या ऑल्बनी गावाजवळ एक चिकणमाती निघायची. तिच्यात दुसरं काहीही न घालता नुसती पाण्यात कालवून भांड्याला लावली, तरी स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांच्या, तापमानाला वितळून गुळगुळीत चॉकलेटी ग्लेझ व्हायचा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कितीतरी बरण्या आणि सुरया आतून याच मातीने माखलेल्या असत. विसाव्या शतकातल्या स्टुडिओ पॉटर्सनीही तिच्यावर शेकडो कृती बेतल्या. १९८० च्या दशकात ती खाण बंद झाली आणि त्या सगळ्या कृती नुसत्या कागदावर उरल्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीजवळच्या गर्स्टली बोरेटचं तेच झालं. कमी तापमानाला ग्लेझ वितळवणारं बोरॉनचं हे खनिज. रकू या कमी तापमानाच्या जपानी पद्धतीपासून मधल्या तापमानापर्यंतच्या असंख्य ग्लेझांचा पाया. २००० च्या सुमारास खाण बंद होणार म्हटल्यावर लोकांनी साठे करायला सुरुवात केली.

साठा ही मला तरी भाबडी युक्ती वाटते. ऑल्बनीच्या बाबतीत काम आलं ते दुसरंच काही. त्या मातीत काच बनवणारी सिलिका किती, लोह किती, चुना किती याची विश्लेषणं उपलब्ध होती, म्हणून कॅनडातल्या एका कंपनीला दुसऱ्या माती एकत्र करून जवळपास तसाच वागणारा 'अल्बर्टा स्लिप' बनवता आला.

या हिशेबाची मुळं बर्लिनला पोचतात. हेर्मान झेगर या जर्मन रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लेझकडे वजनाच्या ऐवजी रेणूंच्या प्रमाणात पाहायला सुरुवात केली. वितळवणारे घटक, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे मंडळी, यांची बेरीज एक धरायची; तिच्या मानाने ग्लेझला घट्ट धरणारं ॲल्युमिना किती आणि सिलिका किती ते पाहायचं. मग व्हायटिंगमधून आलेला चुना आणि चुलीच्या राखेतून आलेला चुना यांत भेदभाव उरत नाही. भट्टीत ठेवायचे कोनही त्याचेच, १८८६ चे. ठरावीक उष्णता पोटात गेली की वाकणारे ते सुळके आजही आमच्याकडे थर्मामीटरपेक्षा विश्वासाचे मानले जातात. झेगरचा हिशेब शिकायला मी फार टाळाटाळ केली होती. शाळेतल्या रसायनशास्त्राशी माझं काही बरं नव्हतं. पण त्या तडकलेल्या पांढऱ्या वाडग्यांनी नाइलाज केला आणि शिकता शिकता एक गोष्ट डोक्यात शिरली: ग्लेझला हवे ते घटक गोणीतूनच यावेत अशी काही अट नाही.

मग पायाखाली काय आहे, हा प्रश्न आपसूक आला. पुण्यात पायाखाली काय असणार? काळा दगड, म्हणजे बसाल्ट.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. आज शिल्लक आहे तेवढंच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. वेरूळचं कैलास याच दगडात कोरलेलं आणि माझ्या गल्लीतला रस्ताही याच्याच खडीवर अंथरलेला. रसायनाच्या भाषेत बसाल्टमध्ये निम्मी सिलिका, तेरा-चौदा टक्के ॲल्युमिना, जवळजवळ तेवढंच लोह, दहाएक टक्के चुना, पाच-सहा टक्के मॅग्नेशिया आणि थोडं सोडियम. ही यादी मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा हसूच आलं. सिलिका थोडी वाढवली की हा घरचा टेनमोकू, लोहाचा काळा ग्लेझ! चीनमधल्या फूजियान प्रांतात सोंग राजवटीच्या काळात ज्या काळ्या-तपकिरी वाट्या होत होत्या, त्यांच्या ग्लेझचं गणित साधारण याच अंगाने जातं. लोहाने भरलेली स्थानिक माती आणि राख.

वाघोलीच्या एका क्रशरवर गेले. तिथे डस्टचे, म्हणजे दगडाच्या भुकटीचे, डोंगर असतात. मुकादमाने विचारलं, "काय ताई, बांधकाम काढलंय का? क्रश सँड न्या, डस्ट प्लास्टरला चालत नाही." म्हटलं, भांड्यांना लावायचीय. त्याने माझ्याकडे आणि मग गाडीच्या डिकीतल्या दोन प्लॅस्टिकच्या बादल्यांकडे पाहिलं, आणि पैसे काही घेतले नाहीत. "एवढ्याचं काय बिल करायचं?" पॉटरीच्या धंद्यात फुकट मिळालेला हा माझा एकमेव कच्चा माल.

वाघोलीच्या खाणी जगभरच्या खनिज गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहेत, त्या वेगळ्याच कारणासाठी. इथल्या बसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची स्फटिक खनिजं सापडतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, आणि त्यांच्या सोबतीला कॅव्हनसाइट या वेगळ्या खनिजाचे गर्द निळे गेंद. संग्राहकांना ते हवेहवेसे. मला मात्र नकोसे. झिओलाइटच्या घडणीत पाणी अडकलेलं असतं आणि तापल्यावर ते बाहेर पडतं. ग्लेझमध्ये त्याचे फुगे व्हायची भीती. म्हणून डस्ट आधी एकदा बिस्कच्या फेरीत वाडग्यात घालून भाजून घेते आणि नंतर दळते. दळणं हेच खरं कष्टाचं काम आहे. क्रशरची डस्ट डोळ्यांना बारीक वाटते, पण चाळणीवर टाकली की बरीचशी वर राहते. बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या पिंपात, पाण्यासकट फिरवावी लागते. मिल नसेल तर सर्वांत बारीक तेवढी चाळून घ्यायची आणि उरलेली कुंडीत टाकायची.

नुसता बसाल्ट काय करतो? माझी भट्टी विजेची, ६ नंबरच्या कोनाची, म्हणजे १२२० अंशांच्या आसपास. तिथे त्याने निराशा केली: कोरडा, विटकरी-तपकिरी, अर्धवट शिजलेला पापुद्रा. तसाच बसाल्ट लावलेली नमुन्याची चकती मैत्रिणीच्या गॅसच्या भट्टीत, त्याहून जास्त तापमानाच्या १० नंबरच्या कोनाला गेली, तेव्हा वितळून पार खाली ओघळली. गर्द काळपट, कडेला जिथे थर पातळ तिथे तांबूस. फरक नुसत्या तापमानाचा नाही. विजेच्या भट्टीत हवा मोकळी असते, तिथे लोह फेरिक रूपात राहतं आणि वितळायला फारशी मदत करत नाही. गॅसच्या भट्टीत हवा कोंडली की ज्वाळा ऑक्सिजन हिसकावून घेतात, लोह फेरस होतं आणि मग तेच लोह इतरांनाही वितळवू लागतं.

आणखी एक गंमत भट्टी गार करताना दिसली. भरभर थंड केलेली चकती काचेसारखी चकचकीत. तीच भट्टी हजार अंशांच्या आसपास रेंगाळत ठेवली तर वर बारीक स्फटिक उगवून मखमली काळा. सह्याद्रीच्या थरांतही हेच झालंय. लाव्हा जिथे पटकन निवला तिथे काचेसारखा दगड, जिथे सावकाश निवला तिथे दाणेदार. कड्यांकडे मी आता ट्रेकिंगच्या वेळी जरा वेगळ्या नजरेने बघते, आणि बरोबरच्यांना हे ऐकवून कंटाळा आणते.

विजेच्या भट्टीसाठी बसाल्टला दोन गोष्टींची जोड द्यावी लागली. पहिली बोरॉनची. टाकणखार किराणा दुकानात मिळतो, पण तो पाण्यात विरघळतो. ग्लेझची बादली दोन दिवस ठेवली की तळाशी त्याचे खडे होतात आणि भांड्याच्या अंगात पाण्याबरोबर शिरतो तो निराळाच. म्हणून त्याची फ्रिट वापरायची: बोरॅक्स, सिलिका वगैरे आधीच वितळवून काच केलेली आणि मग दळलेली. गुजरातेत टाइलवाल्यांसाठी ती बनतेच. म्हणजे मोरबीपासून माझी पूर्ण सुटका काही झाली नाही, होणारही नाही.

दुसरी जोड सिलिकाची, आणि ती मावळातल्या भातगिरणीतून आली. भाताच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिकाच असते. भाताचं रोप जमिनीतली सिलिका शोषून तुसाच्या सालीत साठवतं. आपण तूस जाळतो आणि ती मागे उरते. गिरणीच्या बॉयलरमधली राख काळी असते, कारण कोळसा पुरता जळलेला नसतो. पुन्हा भाजली की पांढरट होते. बसाल्ट, फ्रिट आणि तुसाची राख यांचं तिकोनी कोष्टक मांडून चकत्या भाजल्या. एका कोपऱ्यात कोरडं, दुसऱ्या कोपऱ्यात ओघळ, आणि मधल्या एका पट्ट्यात मधाच्या रंगाचे ठिपके असलेला काळा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. लाकडाच्या राखेचं वागणं वेगळं: तिच्यात चुना जास्त, म्हणून ती वितळवायचं काम करते. तीही आधी धुवावी लागते, कारण तिच्या निवळीत हात भाजेल इतका खार असतो. आमच्या आजीची पिढी राखेने भांडी घासायची, ते याच खाराच्या जोरावर.

हे करणारी मी काही पहिली नव्हे. शोजी हमादा हा जपानी कुंभार १९२० साली इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडमध्ये सेंट आइव्हजला गेला. लीच पॉटरी दोघांनी उभी केली. परत आल्यावर १९२४ मध्ये त्याने क्योटोसारखं मानाचं ठिकाण सोडून माशिको निवडलं, जिथे पाण्याचे रांजण, बरण्या अशी रोजच्या वापरातली भांडी होत. तिथला प्रसिद्ध पिकल्या पर्सिमन या फळाच्या रंगाचा ग्लेझ गावाजवळच्याच एका इमारती दगडाच्या भुकटीचा आहे. आपल्याकडे पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि भट्टीला सुरूचं लाकूड वापरलं. आज भारतात स्टुडिओ पॉटरी करणाऱ्या कितीतरी जणांचे धागे तिथे जाऊन मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांचा ग्रामोदय संघ, जिथे गावचे कुंभार आणि आर्ट स्कूलची मुलं एकाच आवारात काम करत आली. आणि निर्मला पटवर्धन, ज्यांच्या हँडबुकाच्या झेरॉक्स प्रतींवर आमच्या आधीच्या पिढीने ग्लेझ शिकून घेतले.

पण 'स्थानिक' या शब्दाचं हल्ली जे काय चाललंय त्याबद्दल मला शंका आहे. प्रदर्शनात दगडाच्या भुकटीचा ग्लेझ म्हटलं की भांड्याची किंमत दीडपट होते. लोक ते भांडं हातात घेऊन 'सह्याद्री' म्हणतात. मीही तशी चिठ्ठी लावली आहे, लावते. खरं सांगायचं तर त्या भांड्याची माती गुजरातची, फ्रिट गुजरातची, भट्टीच्या विटा आणखी कुठल्या, कोन अमेरिकेतून आलेले. दगड तेवढा वाघोलीचा. आणि कोकणातल्या मैत्रिणीने जांभ्यावर हाच प्रयोग केला तेव्हा तिच्या हाती काहीच लागलं नाही. जांभ्यात लोह भरपूर, पण ॲल्युमिनाही भरपूर. चुना आणि सोडियम पावसाने केव्हाच धुऊन नेलेलं. तो वितळतच नाही. भांड्याला स्लिप म्हणून, म्हणजे पातळ मातीच्या लेपासारखा, गेरूच्या जागी, तो छान लागतो. पायाखालचा दगड उपयोगी पडेलच असं नसतं.

शिवाय मातीचं काम ज्यांचं खरोखर स्थानिक आहे, त्यांना कुणी चिठ्ठी लावत नाही. मुंढव्याजवळ केशवनगरला कुंभारांची वस्ती आहे. संक्रांतीच्या आधी सुगडं, उन्हाळ्यात माठ, पोळ्याला बैल, दिवाळीला पणत्या. गाळाची माती, त्यात राख आणि घोड्याची लीद, चाकावर अर्धवट उठवलेलं भांडं थापीने थापटून पातळ करायचं. आतून दगडी गुंडा धरलेला, बाहेरून थापी. माठाची जी भिंत त्यांच्या हाताखाली निघते ती मला चाकावर आयुष्यात जमणार नाही. तिथल्या एका काकांना माझा काळा वाडगा दाखवला. त्यांनी नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, बूड पाहिलं. "भाजलंय चांगलं," म्हणाले. मग, "पण ताई, तुम्ही मातीला काच चढवता. तिनं पाणी गार कसं करायचं?"

बरोबरच आहे. माठातलं पाणी गार होतं ते भिंतीतून झिरपून बाहेरच्या अंगाला वाळतं म्हणून, आणि झिरपतं कारण ती कमी तापमानाला भाजलेली असते. स्टोनवेअर आणि ग्लेझ हा सगळा प्रपंच झिरपणं बंद करण्यासाठी. दोन वेगळी कामं आहेत. एकाला 'पॉटर' म्हणायचं आणि तो छंद किंवा कला. दुसऱ्याला 'कुंभार' म्हणायचं आणि ती जात. हा भेद आमच्या सगळ्या वर्कशॉपांत न बोलता हजर असतो. मी माझ्या एका बॅचला केशवनगरला नेलं होतं, तेव्हा काकांना शिकवण्याची फी दिली. मुलांनी त्यांचे फोटो काढले, त्यांनी मुलांकडून माती मळून घेतली. फोटोपेक्षा मळणीचा सौदा बरा झाला असं माझं मत.

एक गोष्ट नवशिक्यांना मी वर्गाच्या पहिल्याच दिवशी सांगते, आणि तिला या लेखात वगळणं बरं नाही. दगडाची भुकटी, क्वार्ट्झ, तुसाची राख, या सगळ्यांची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि बाहेर निघत नाही. सिलिकोसिस हा खाणकामगारांचा आणि खंबातच्या अकीक घासणाऱ्यांचा रोग आहे, त्यावर उतारा नाही. स्टुडिओत झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कोरडं मिश्रण करताना साधा कापडी रुमाल नव्हे, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क. भुकटी पाण्यात घालायची, पाणी भुकटीवर नाही. क्रशरवरच्या माणसांच्या तोंडावर मी एकदाही मास्क पाहिला नाही. नेलेले मास्क त्यांनी हसून घेतले. वापरले का ते माहीत नाही.

काळ्या ग्लेझची शेवटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. सिलिका कमी पडलेला ग्लेझ आंबटाला टिकत नाही. लिंबाची फोड रात्रभर चिकटवून ठेवायची, शिवाय एका वाडग्यात आमसुलाचं सार. सकाळी त्या जागी रंग उतरला किंवा चमक गेली तर तो ग्लेझ खाण्याच्या भांड्याला नाही. माझ्या मधल्या पट्ट्यातले बरेच सुंदर नमुने इथे गळाले. जो टिकला तो सर्वांत देखणा नव्हता. लोणच्याच्या जुन्या बरण्यांचा वरचा तपकिरी भाग आठवून पाहा. सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरीसारख्या कारखान्यांनी काढलेल्या बरण्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या मीठ, मोहरी आणि कैरी मुरत आली, पण ग्लेझला काही झालं नाही. तेवढं जमलं तरी पुष्कळ.

मध्यंतरी बसाल्टचा नमुना एका प्रयोगशाळेत एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी घटक मोजण्याच्या, चाचणीला दिला. पॉटरीतल्या खर्चांच्या मानाने ती फी काहीच नाही. पहिल्या पावसाळ्याच्या आधीची बादली आणि नंतरची बादली, दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले; चुन्यात थोडा फरक, तो तुसाच्या राखेशी जुळवून घेता आला. कागद ग्लेझच्या बादलीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

त्याची गरज लवकरच पडणार असं दिसतं. वाघोली आता महापालिकेत आली आहे, क्रशरच्या मागच्या बाजूला टॉवर उभे राहिलेत, आणि धुळीबद्दल तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी आहेत, ज्यात त्यांचं चुकत नाही. गेल्या खेपेला मुकादम म्हणाला, "ताई, पुढच्या सालात आम्ही इथं नसू. लांब जायचं चाललंय." मी विचारलं, तिकडचा दगड कसा आहे? तो म्हणाला, "काळाच की." दगड निघायला लागला की आधी एक पिशवी पाठवतो म्हणालाय, चाचणीपुरती. पेट्रोल त्याचं, फी माझी.